‘वयच तसं आहे’ म्हणण्याआधी

प्रश्न : मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘प्रौढावस्थेचे टप्पे, मनोसामाजिक विकास आणि आरोग्याचे प्रश्न’ असा एक मोठा तक्ता आम्हाला पाठ करावा लागतो. परीक्षेत तो लिहिता येतो, पण वॉर्डात पेशंटसमोर उभी राहिले की त्यातलं काहीच कामाला येत नाही. तुम्ही इतकी वर्षं प्रॅक्टिस करताय, तुम्ही हा तक्ता खरंच वापरता का? वापरत असाल तर कसा?

उत्तर : वापरते, पण तुम्हाला शिकवतात त्याच्या उलट्या टोकाने.

तुम्ही वयावरून माणसाकडे जाता. केसपेपरवर ५२ दिसलं की मध्यमवय, मध्यमवय म्हणजे रक्तदाब, मधुमेह, रजोनिवृत्ती, झालं. मी तक्रारीवरून वयाकडे जाते. समोरचा माणूस ‘छातीत धडधडतं’ म्हणाला तर ईसीजी काढायचाच, रक्त तपासायचंच. पण कागद हातात येईपर्यंत जी पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात मला एक गोष्ट काढून घ्यायची असते : या वयात माणसाच्या पुढ्यात जे काम येऊन पडतं, ते याचं कुठवर आलंय आणि कशात अडकलंय. तक्त्याचा उपयोग तेवढाच, आणि तेवढा पुष्कळ झाला.

हे मला चुका करून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या तोंडी एक वाक्य सारखं असायचं, ‘वयच तसं आहे.’ विशीतला मुलगा रात्र रात्र जागतो, मित्रांत मिसळत नाही : वयच तसं आहे. पंचेचाळिशीची बाई थकते, चिडते, मध्येच रडते : वयच तसं आहे. पंचाहत्तरीचे आजोबा जेवत नाहीत, बोलत नाहीत : आता वय झालं. पहिल्याला सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची, सुरुवात होती. दुसरीचं थायरॉइड मंदावलं होतं. तिसऱ्यांना औषधाने बरं होणारं नैराश्य होतं. तिन्ही वेळा वय खरं होतं आणि निदान खोटं. तेव्हापासून माझा नियम असा की वय हे कारण म्हणून लिहायचं नाही, वय हा पत्ता म्हणून वापरायचा. कुठे शोधायचं ते तो सांगतो, काय सापडेल ते सांगत नाही.

तुमच्या तक्त्याचा सांगाडा मनोविश्लेषक एरिक एरिकसन यांचा आहे. १९५० साली त्यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातले शेवटचे तीन प्रौढपणाचे : जवळीक की एकटेपणा, सर्जकता की साचलेपण, समग्रता की निराशा. (जाता जाता : ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्द रूढ करणाऱ्या या माणसाला स्वतःचे जन्मदाते वडील कोण हे कधी कळलं नाही, आणि एरिकसन हे आडनावही त्यांनी मोठेपणी स्वतःच घेतलेलं. विषय कुठून आला असेल ते वेगळं सांगायला नको.) तक्त्यात हे टप्पे पास-नापास असल्यासारखे छापतात, तसं त्यांना म्हणायचं नव्हतं. दोन्ही बाजूंची ओढाताण चालू राहते आणि चांगल्या बाजूचं पारडं थोडं जड राहिलं की पुरे, असा तो हिशेब आहे. एकटं राहता न येणारा माणूस जवळीकही नीट करू शकत नाही. वयाच्या रेषाही तशाच, १८ ते ४०, ४० ते ६५ वगैरे. त्या पाठ्यपुस्तकांच्या सोयीच्या आहेत. साठीला पहिलं मूल दत्तक घेणारा असतो आणि पंचविशीत आईवडिलांचं सगळं करून थकलेली मुलगीही असते. त्यांच्या पुढ्यातलं काम बघा, जन्मतारीख नंतर.

आता एकेका वयाकडे येते. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

आपल्या भाषेने विशीला ‘गद्धेपंचविशी’ म्हणून मोकळं करून टाकलंय. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ या वयाला वेगळा टप्पा मानावं असं मांडलं, म्हणजे पोरवय संपलेलं पण प्रौढपणाची जबाबदारी अजून अंगावर न आलेली अशी मधली जागा. शरीराच्या दृष्टीने ही सगळ्यात चांगली वर्षं. हृदय, फुप्फुसं, स्नायू सगळं जोरात, आणि हाडांची घनता तिशीच्या आसपासपर्यंत भरत जाते. पुढे आयुष्यभर तीच पुरवून वापरायची. त्यामुळे या वयाचा माणूस दवाखान्यात येतच नाही. आला तर फिटनेस सर्टिफिकेटसाठी, नाहीतर अ‍ॅसिडिटीसाठी.

आणि नेमकं याच वयात मनाचे आजार डोकं वर काढतात. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या १४ पर्यंत आणि तीन चतुर्थांश २४ पर्यंत सुरू झालेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार १५ ते २९ या वयात मृत्यूच्या कारणांत आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. तुमच्या तक्त्यात या रकान्यात ‘अपघात, व्यसनं, लैंगिक आजार’ असं लिहिलेलं असेल. ते बरोबरच आहे. पण मला विचाराल तर त्या रकान्यात पहिला शब्द ‘झोप’ असावा. झोप कधीपासून बिघडली, कामावर किंवा वर्गात जाणं कधीपासून सुटलं, आधी ज्यात रमायचा ते कधीपासून सोडलं, या तीन ‘कधीपासून’मधून बहुतेक सगळं बाहेर येतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि रोजच्या कामात अडथळा, असं असेल तर ती गद्धेपंचविशी नाही.

माझ्याकडे अ‍ॅसिडिटीसाठी तीन महिन्यांत चौथ्यांदा आलेला एक चोवीस वर्षांचा मुलगा होता. एंडोस्कोपी झालेली, काही सापडलं नव्हतं. चौथ्या वेळी मी गोळी बदलली नाही. विचारलं, ‘रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करशील?’ तो बराच वेळ मोबाइलकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘यात सातशे नंबर आहेत.’ एवढंच. एरिकसनच्या पहिल्या प्रौढ टप्प्याचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. जवळीक म्हणजे लग्न नव्हे, शरीरसंबंध तर नव्हेच. स्वतःला न हरवता दुसऱ्याशी बांधून घेता येणं म्हणजे जवळीक. ती एका जिवलग मित्राबरोबरही होते आणि वीस वर्षांच्या संसारातही राहून जाते. ही हळवी गोष्ट वाटत असेल तर एक आकडा देते : २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून जास्त माणसांच्या माहितीवरून असं दिसलं की ज्यांचं नात्यांचं जाळं भक्कम, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती.

याच मुलाला मी पुढचा प्रश्नही सरळ विचारला, जीव द्यावासा वाटतो का. विद्यार्थ्यांना इथे भीती वाटते की विचारलं तर डोक्यात नसलेलं घालू. तसं होत नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारल्याने सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर मात्र त्याला एकट्याला सोडायचं नाही, आणि गोष्ट स्वतःपाशी ठेवायची नाही. लगेच वरिष्ठांना सांगायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधी देऊन बसू नका, ते मोडावं लागतं.

तिशीबद्दल फक्त एक. बाळंतपणानंतरचं नैराश्य. जगभरात बाळंत झालेल्या साधारण १३ टक्के बायकांना मानसिक आजाराला तोंड द्यावं लागतं, मुख्यतः नैराश्याला. बाळाचं वजन दर खेपेला नोंदवतो, आईला मात्र ‘झोप मिळते ना?’ एवढं विचारून पुढे जातो. बाळ झोपलेलं असताना तिला झोप लागते का, हा खरा प्रश्न. आणि शेजारी उभ्या बापाकडेही एकदा बघा. नैराश्य त्यालाही येतं.

चाळिशी हा मराठीतला मोठा खट्याळ शब्द आहे. वयही तेच आणि नाकावरचा चष्माही तोच. डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसेनासं होतं, हात लांब करून वाचावं लागतं. मला यात नेहमी गंमत वाटते, कारण मनाचंही तेच होतं. जवळचं सोडून लांबचं दिसायला लागतं. बर्निस न्यूगार्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मध्यमवयाबद्दल एक फार नेमकी गोष्ट टिपली होती : या वयात माणूस काळ मोजायची पद्धत बदलतो. जन्मापासून किती वर्षं झाली याऐवजी आता किती उरली असं मोजायला लागतो.

‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द मात्र मी वापरत नाही. मनोविश्लेषक एलियट जाक यांनी तो १९६५ साली एका लेखात वापरला, तोही मोठ्या कलावंतांच्या आयुष्यांवरून. पुढे सर्वसामान्य माणसांच्या पाहण्या झाल्या तेव्हा साधारण चौघांतला एक ‘हो, मला असं झालं’ म्हणाला. नेमकं काय झालं असं खोदून विचारल्यावर पुष्कळांनी घटस्फोट, नोकरी जाणं, आजारपण असल्या गोष्टी सांगितल्या. त्या कुठल्याही वयात होऊ शकतात. माझा अनुभवही तोच. मध्यमवयात एकदम काही कोसळत नाही, चारी बाजूंनी दाब येत जातो. खाली मुलं, वर आईवडील, मध्ये नोकरी आणि हप्ते. १९८१ मध्ये यासाठी ‘सँडविच पिढी’ असा शब्द आला. शब्द जरा पोरकट आहे, पण गोष्ट खरी.

एक बाई दर महिन्याला सासूबाईंना घेऊन यायच्या. वय अठ्ठेचाळीस. हातात सासूबाईंची फाइल, त्यात रक्तदाबाचे आकडे तारीखवार लिहिलेले, औषधांच्या वेळा, शेवटच्या तपासण्या, सगळं टापटीप. इतकी चांगली फाइल मी निवासी डॉक्टरांकडून कधी पाहिली नाही. दोन वर्षं हे चाललं होतं. एक दिवस त्या जिन्यावर धापा टाकताना दिसल्या म्हणून सासूबाईंच्या दंडाचा पट्टा सोडून मी त्यांच्या दंडाला बांधला. १७६/१०४. त्यांना माहीत नव्हतं, आणि ते ठीकच, रक्तदाब दुखत नाही. पण मलाही माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या माझ्यासमोर खुर्चीत बसत होत्या आणि मी त्यांना ‘सोबत आलेली व्यक्ती’ म्हणून नोंदवत होते. त्या दिवसापासून आमच्याकडे पेशंटला घेऊन येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचाही रक्तदाब मोजतो. यातून सापडलेली माणसं आमच्या कुठल्याही शिबिरात सापडलेल्यांपेक्षा जास्त असतील.

एरिकसनच्या सातव्या टप्प्याचं, म्हणजे मी वर ‘सर्जकता’ म्हटलं त्याचं, भाषांतर पुस्तकांत ‘उत्पादकता’ असं करतात. मला ते कारखान्याच्या पाटीसारखं वाटतं. त्यांना म्हणायचं होतं ते असं, की आपल्यानंतर राहणाऱ्यांसाठी काहीतरी करणं, शिकवणं, सांभाळणं. स्वतःची मुलं असायलाच हवीत असं नाही. पण या बाईंकडे बघून मला तक्त्याबद्दल पहिल्यांदा शंका आली. दुसऱ्यांसाठी करण्यात त्या शंभर टक्के उत्तीर्ण होत्या, आणि त्याच करण्यात त्यांच्या हृदयाची भिंत जाड होत चालली होती. दुसऱ्याचं करणं आणि स्वतःला वगळणं या दोन गोष्टी इतक्या बेमालूम मिसळतात, की त्या माणसालाही वेगळ्या काढता येत नाहीत. ते काम आपलं.

म्हणून या वयात तपासण्यांची यादी महत्त्वाची, आणि ती पाठच हवी : रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या कर्करोगाची तपासणी, पंचेचाळिशीपासून मोठ्या आतड्याची. पण प्रत्येक ओळीपुढे ‘हे करून घ्यायला याला वेळ कोण देणार’ हा प्रश्नही लिहा. त्याचं उत्तर नसेल तर चिठ्ठी खिशातच राहते.

रजोनिवृत्तीबद्दल दोन्ही बाजूंनी चूक होते. पाळी जाण्याचं वय बहुधा ४५ ते ५५, सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं धरतात. त्याआधीची काही वर्षं हॉर्मोन्स हेलकावे खातात. झोप मोडते, अंगातून वाफा निघतात, मन खाली जातं. या काळात नैराश्याचा धोका खरंच वाढतो, विशेषतः आधी कधी येऊन गेलं असेल तर. एक चूक म्हणजे ‘सगळ्यांनाच होतं, सहन करा’ म्हणणं. दुसरी चूक तिच्या प्रत्येक तक्रारीला तेच कारण चिकटवणं. धाप, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, मळमळ, कधी नव्हे असा थकवा, ही बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणं असू शकतात. ‘पाळी जातेय ना, म्हणून’ असं ऐकून घरी परत गेलेली बाई दोन दिवसांनी स्ट्रेचरवर आलेली मी पाहिली आहे.

पुरुषांचं उलट आहे. ते येतच नाहीत, आणि आले तर मन खचलंय असं म्हणत नाहीत. चिडचिड, दारूचं वाढलेलं प्रमाण, उगाच कामात बुडून घेणं, या वेषात नैराश्य येतं. आणखी एक गोष्ट ते दाराशी पोचल्यावर, मूठ कडीवर ठेवून विचारतात, लैंगिक ताठरतेबद्दल. हसून सोडून देऊ नका. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, म्हणून चोंदण्याची खूण कधी कधी हृदयाच्या काही वर्षं आधी तिथे दिसते. त्या माणसाला परत बसवा आणि साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब बघा.

हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. त्यातल्या माणसांकडे मागे वळून बघितलं तेव्हा पन्नाशीतलं नात्यांमधलं समाधान हे ऐंशीव्या वर्षीच्या प्रकृतीचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा चांगला देत होतं. हे वाक्य फार ठिकाणी फिरतं. ते सांगताना दोन गोष्टी गाळतात. एक, मूळ अभ्यासात सगळे पुरुष होते. दोन, यावरून कोलेस्टेरॉल तपासू नये असं निघत नाही.

आता साठी. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने केली त्याने कुणाची परीक्षा घेतली नसावी. मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाई यांनी अमेरिकेत सिएटलमध्ये १९५६ पासून तीच माणसं वर्षानुवर्षं तपासली. वेग लवकर मंदावतो हे खरं, पण बहुतेक क्षमतांमध्ये जाणवेल अशी घसरण साठीच्या आधी नसते, आणि शब्दसंपत्ती तर पुढेही बराच काळ टिकते. उरलेल्या शक्तीत कसं भागवायचं याचं माझं आवडतं उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं आहे. म्हातारपणीही इतकं चांगलं कसं वाजवता, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते असं : रचना कमी निवडतो, त्यांचाच रियाज जास्त करतो, आणि जलद भाग येण्याआधी मुद्दाम संथ होतो, म्हणजे नंतरचा वेग आहे त्याहून जास्त वाटतो. पॉल बाल्टेस या मानसशास्त्रज्ञांनी हेच उदाहरण देऊन आपली मांडणी समजावली : निवड, सराव, भरपाई. फिजिओथेरपीच्या खोलीत मी हे आजोबांना सांगते तेव्हा त्यांचे डोळे लकाकतात, कारण पहिल्यांदाच कुणीतरी युक्ती सांगतंय, उपदेश करत नाही.

निवृत्ती सगळ्यांना बाधत नाही. कष्टाच्या, कुचंबणेच्या नोकरीतून सुटलेली माणसं टवटवीत होतात. बाधते ती ‘मी म्हणजे माझा हुद्दा’ असं आयुष्यभर जगलेल्याला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट पेक यांनी एरिकसनचा शेवटचा टप्पा फोडून त्यातून तीन कामं काढली, त्यातलं एक हेच : कामाबाहेर स्वतःची ओळख असणं. दुसरं, शरीराच्या कुरबुरींच्या वर उठता येणं. माझ्या खुर्चीतून बघता पहिलं बिनसलं की दुसरंही बिनसतं. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी दर आठवड्याला नवी तक्रार घेऊन येणारा माणूस तुम्हालाही भेटेल. त्याला ‘काही नाही हो तुम्हाला’ म्हणू नका. एकतर खरंच काही असू शकतं. आणि नसलं, तरी दवाखाना ही त्याची आता एकमेव जागा असेल, जिथे त्याचं नाव पुकारलं जातं.

खूप म्हातारपणाकडे येते, कारण तुमची पहिली काही वर्षं वॉर्डात याच वयात जाणार आहेत.

तीन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. काल बरे असलेले आजोबा आज तारीख चुकवतात, रात्री बिछान्यावरून उतरून जातात, सकाळी शुद्धीत वाटतात आणि दुपारी पुन्हा भरकटतात : हे तास-दिवसांत झालं आणि लक्ष एका जागी ठरत नाही, तर तो डिलिरियम. मागे लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवीन औषध, पाणी कमी पडणं असं काहीतरी असतं, आणि ती इमर्जन्सी आहे. गडबड न करणारा, नुसताच गुंगीत पडून राहणारा डिलिरियम तर सहज नजरेतून सुटतो, कारण तो पेशंट कुणाला त्रास देत नाही. महिने-वर्षांत हळूहळू विसरभोळेपणा वाढला आणि माणूस तो लपवायला बघतो, तर स्मृतिभ्रंशाचा विचार करा. आणि काही आठवड्यांत माणूस मिटला, प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणतो, स्मरण गेल्याची तक्रार स्वतःच करतो, तर नैराश्य असू शकतं. म्हातारपणी नैराश्य रडत येत नाही. भूक जाते, अंग दुखतं, औषधं घ्यायची सुटतात. जगात बहुतेक ठिकाणी आत्महत्यांचं प्रमाण सत्तरीपुढे सर्वांत जास्त आहे, हे विशीच्या आकड्यांच्या गलक्यात विसरलं जातं.

स्मृतिभ्रंशाबद्दल घरचे विचारतात, टाळता येतो का. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता किंवा कमी करता येतील असे १४ धोके सांगितले. ते सगळे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश रोखता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा आहेच, पण ऐकू न येणं हाही त्यातल्या मोठ्या धोक्यांपैकी एक. ऐकू कमी येतं, मग माणूस गप्पांतून उठून जातो, मग एकटा पडतो. कानातलं मशीन ही मनाच्या औषधांच्या यादीत घालायला माझी हरकत नाही. आधी कानातला मळ मात्र बघा.

पडण्याचंही असंच साखळीने होतं. पासष्टीच्या पुढे दरवर्षी साधारण तिघांतला एक तरी पडतो. हाड मोडलं नाही म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो, पण पडण्याची धास्ती बसलेली असते. मग बाहेर जाणं बंद, स्नायू आणखी वितळतात, आणि पुढचं पडणं पक्कं. एरिकसन यांच्या पत्नी जोन यांनी स्वतः नव्वदी ओलांडल्यावर नववा टप्पा लिहिला, १९९७ साली. त्यांचं म्हणणं असं की शेवटी आधीचे सगळे टप्पे पुन्हा समोर येतात, आणि आता त्यांची काळी बाजू पुढे असते. बाळाचा पहिला प्रश्न विश्वासाचा, नव्वदीचाही तोच. हा गुडघा मला धरेल का? हा हात देणारा सोडणार तर नाही?

इथे तुमच्यासाठी एक तक्रार. ‘म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण’ ही म्हण वॉर्डाबाहेर ठेवा. ‘चला बाळा, आ करा, शाब्बास’ असं पंच्याऐंशीच्या बाईंशी बोलू नका. स्मृतिभ्रंश असलेली माणसंसुद्धा अशा बोलण्याला जास्त विरोध करतात, हे अभ्यासून दाखवलेलं आहे. आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या आजींना ‘सांगितलंत की मघाशी’ म्हणून तोडू नका. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये याला जीवनाचा फेरआढावा म्हटलं, मागचं आयुष्य उलगडून, जुळवून बघणं. शेवटच्या टप्प्याचं काम तेच असतं. गोष्ट दर वेळी नेमकी कुठे अडकते, कुठे आवाज बदलतो, तिकडे कान द्या. जोडीदार गेलेल्यांना मात्र ‘आता स्वीकाराचा टप्पा आला पाहिजे’ असं सांगू नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांचे १९६९ चे, नकारापासून स्वीकारापर्यंतचे पाच टप्पे मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्यांबद्दल होते. दुःख पायऱ्यांनी उतरत नाही, ते येतं-जातं. सकाळी ओक्साबोक्शी रडून दुपारी फोनचं बिल भरणारा माणूस बिघडलेला नसतो.

तर उद्या वॉर्डात तक्ता खिशात राहू द्या. विशी-तिशीच्या पेशंटला तो रात्री दोनचा फोन विचारा. मध्यमवयाच्या माणसाला विचारा, ‘तुम्ही इथे आहात तर घरी कुणाचं अडलंय?’ आणि त्याने यादी सांगितली की, ‘तुमचं अडलं तर?’ म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘पूर्वी करत होता आणि आता सोडलं असं काय आहे? का सोडलं?’ दिसत नाही म्हणून, पडायची भीती म्हणून, सोबतीचा माणूस गेला म्हणून, मन लागत नाही म्हणून, यातलं उत्तर कुठलं येतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

यासाठी वेगळा वेळ मिळत नाही, हे मला माहीत आहे. रक्तदाबाचा पट्टा बांधताना विचारा, काढताना ऐका. पट्टा फुगत आणि उतरत असताना मात्र दोघांनीही गप्प बसायचं. बोलताना मोजलेला आकडा चुकतो.